मोटार, ट्रॅक्टर व ट्रॉली यांचा विमा

फुलचूर हे गाव गोंदिया शहराला अगदी लागून आहे. एका अंगाला धानाच्या बांध्या आणि दुसऱ्या अंगाला शहराची रहदारी, अशा जागी आमच्या कास्तकाराचा दिवस जातो. बैलबंडी होती तोवर शेत व रस्ता यांमध्ये फारसा भेद नव्हता. बंडी कलंडली तर फार झाले तर एखाद्याचा हात मोडे आणि गावातल्या गावात त्याचा निकाल लागे. आता दारात मोटारसायकल आहे, अनेकांकडे ट्रॅक्टर व ट्रॉली आहे, काही घरी चारचाकी मोटारही आली आहे. ही सर्व वाहने रस्त्यावर येताच त्यांच्याबरोबर एक मोठी जबाबदारी रस्त्यावर येते. त्या जबाबदारीचे ओझे हलके करणारा कागद म्हणजे विमा होय. हा कागद आपण दरवर्षी पैसे देऊन घेतो, घडी करून पेटीत ठेवतो आणि विसरून जातो.

इतरांस दोष देण्यापूर्वी आम्ही आपलीच गोष्ट सांगतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या ट्रॅक्टरच्या विम्याचा कागद प्रथमच आरंभापासून अखेरपर्यंत वाचला. ट्रॅक्टरचा इंजिन क्रमांक बरोबर होता, चेसिस क्रमांकही बरोबर होता. परंतु ट्रॉलीचा उल्लेख कोठेच नव्हता. म्हणजे तीन हंगाम आमची ट्रॉली धान, तणस व शेणखत भरून विम्यावाचून रस्त्याने फिरत होती आणि आम्ही मात्र ‘आमचा विमा आहे’ असे खुशाल म्हणत होतो. दैव बरे म्हणून काही घडले नाही. दैवावर भरवसा ठेवावयाचा असता तर हप्ता तरी कशास भरावयाचा?

पुष्कळांची समजूत अशी आहे की, वाहनाचा विमा उतरविला म्हणजे त्या वाहनाकडून जे काही घडेल त्याची भरपाई विमा कंपनी करील. ही समजूत अपुरी आहे, आणि अपुरी समजूत अज्ञानाहून अधिक घात करते. विमा हा करार आहे. अपघाताच्या घटकेस वाहन कोण हाकीत होते, त्यावर कोण बसले होते आणि ते कोणत्या कामास निघाले होते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर त्या कराराचा उपयोग अवलंबून असतो. हे तीन प्रश्न कास्तकाराने आपल्या प्रत्येक वाहनासंबंधी स्वतःस विचारावे, एवढ्यासाठी हा लेख आहे.

कायद्याची सक्ती कशाची आहे?

वाहनाचा विमा सक्तीचा करण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये 1930 च्या रस्ते वाहतूक कायद्याने ती सक्ती झाली. आपल्या देशात 1939 च्या मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद होती व ती 1 जुलै 1946 पासून अमलात आली. हल्ली चालू असलेला कायदा 1988 चा आहे. त्याच्या 146 व्या कलमाप्रमाणे त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा असल्याशिवाय कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक जागी आणता येत नाही. विमा नसताना वाहन चालविल्यास पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, आणि दुसऱ्या वेळी 4,000 रुपये दंड, अशी शिक्षा 2019 च्या दुरुस्तीने ठरली आहे.

त्रयस्थ म्हणजे कोण, हे नीट समजून घेतले पाहिजे. विमा उतरविणारा मालक हा एक पक्ष, विमा कंपनी हा दुसरा पक्ष, आणि रस्त्याने जाणारा, आपल्या वाहनाचा धक्का लागून मरण पावलेला किंवा जखमी झालेला मनुष्य हा तिसरा. कायद्याची सक्ती या तिसऱ्यासाठी आहे. आपली मोटार चेपली, जळाली किंवा चोरीस गेली तर त्याच्याशी या सक्तीच्या विम्याचा काही संबंध नाही. त्यासाठी निराळा, अधिक हप्त्याचा, सर्वसमावेशक विमा घ्यावा लागतो.

नवीन मोटार घेताना त्रयस्थ विमा एकदम तीन वर्षांचा व नवीन दुचाकी घेताना पाच वर्षांचा घेणे 1 सप्टेंबर 2018 पासून आवश्यक झाले. त्यामुळे एक घोटाळा उत्पन्न झाला आहे. दुचाकीच्या कागदावर पाच वर्षांची तारीख पाहून मालक निश्चिंत होतो. परंतु अनेकदा स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा भाग एकाच वर्षाचा असतो व तो केव्हाच संपलेला असतो. सबब कागदावरील दोन्ही मुदती निरनिराळ्या पाहाव्या.

विम्याचा जमिनीशी संबंध

येथे कोणी म्हणेल, विमा कंपनीने पैसे दिले नाहीत तर काय होईल? फार तर खटला चालेल. परंतु गोष्ट इतकी साधी नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मृताचे वय, मिळकत व त्याच्यावर अवलंबून असणारी माणसे पाहून भरपाई ठरविते आणि ती रक्कम कित्येक लाखांच्या घरात जाते. त्या रकमेची जबाबदारी विमा कंपनीवर नसेल तर ती वाहनाच्या मालकावर येते. मोटार वाहन कायद्याच्या 174 व्या कलमाप्रमाणे, हक्कदाराने अर्ज केल्यास न्यायाधिकरण त्या रकमेचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवू शकते, आणि जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतो.

जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे काय, हे कास्तकारास सांगावयास नको. ज्या बांध्या आजोबांनी राखल्या, त्या ट्रॅक्टरच्या एका फेरीपायी सातबाऱ्यावरून जाण्याचा प्रसंग येऊ शकतो. वाहनाचा विमा हा शेतीच्या मासिकात लिहिण्याचा विषय आहे, तो याच कारणाने.

ट्रॉलीत कोण बसले आहे?

आषाढात रोवणीची घाई सुरू झाली म्हणजे सकाळी आपल्या भागातील प्रत्येक रस्त्यावर एकच देखावा दिसतो. ट्रॅक्टरमागे ट्रॉली, ट्रॉलीत वीस-पंचवीस बाया, एक-दोघी मडगार्डवर बसलेल्या, कडेवर मूल. माघी पौर्णिमेस सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या यात्रेस निघालेली किंवा लग्नाच्या वऱ्हाडाची ट्रॉलीही अशीच भरलेली असते. ही वहिवाट इतकी अंगवळणी पडली आहे की, तीत काही गैर आहे असे कोणास वाटत नाही.

परंतु ट्रॅक्टर चालकासाठी आहे आणि ट्रॉली मालासाठी आहे. शेतीच्या ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी दिलेला असतो व त्यात बसणाऱ्यांसाठी हप्ता घेतलेला नसतो. ट्रॉलीत बसलेल्या मनुष्याची जबाबदारी अशा विम्यात येत नाही, असे न्यायालयांनी वारंवार ठरविले आहे. सर्वोच्च न्यायालयापुढे 2004 मध्ये आलेल्या एका प्रकरणात, भाजीपाला विकणारा मनुष्य आपला माल घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जात असताना मरण पावला होता. व्यापारासाठी भाजीपाला नेणे हे शेतीकाम नव्हे, असे न्यायालयाने म्हटले व कंपनीस जबाबदारीतून मोकळे केले. 2007 मधील दुसऱ्या प्रकरणात शेतीसाठी विमा उतरविलेला ट्रॅक्टर विटभट्टीची माती वाहत होता व त्यावरील मजूर जखमी झाला. कंपनी करारान्वये जबाबदार नाही असाच निर्णय झाला. मात्र मजूर गरीब म्हणून, कंपनीने प्रथम त्यास पैसे द्यावे व मग ते मालकाकडून वसूल करावे, असा खास हुकूम न्यायालयाने दिला. मजुरास पैसे मिळाले हे योग्यच झाले. परंतु अखेरचे देणे मालकाच्या माथी राहिले.

यावरून दोन गोष्टी निघतात. आपल्या शेतातील धान आपल्याच ट्रॉलीत भरून खरेदी केंद्रावर नेणे हे शेतीचे काम आहे. तोच ट्रॅक्टर भाड्याने रेती, विटा किंवा मुरूम वाहू लागला की तो करार सोडून चालला. तसे काम करावयाचे असल्यास वाहनाची नोंद व विमा त्या कामाप्रमाणे बदलून घ्यावा. दुसरे असे की, मजुरांस नेण्यासाठी प्रवासी वाहन करावे. चार-पाच कास्तकारांनी मिळून रोवणीच्या दिवसांत एखादे परवानाधारक वाहन ठरविले तर प्रत्येकाच्या वाट्यास येणारा खर्च जड जाणार नाही.

आणखी एक कर्तव्य आम्हांस येथे सुचवावेसे वाटते. शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना 2023 पासून चालू आहे. तीत अपघाती मृत्यूबद्दल दोन लाख रुपये मिळतात. परंतु ती खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती यांच्यासाठी आहे. आपल्या बांधीत चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या भूमिहीन बाईस तिचा आधार नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. बँकेत खाते असलेल्या 18 ते 70 वर्षांच्या कोणासही 1 जून 2022 पासून ठरलेल्या वार्षिक 20 रुपयांच्या हप्त्यात दोन लाखांचे अपघाती संरक्षण तीत ठेवले आहे. तिचे वर्ष 1 जूनला सुरू होते, म्हणजे नेमके रोवणीच्या आधी. आपल्याकडे नेहमी येणाऱ्या मजुरांचे हे अर्ज आपण स्वतः बसून भरून द्यावे. एका बाईच्या एका दिवसाच्या मजुरीहून हा हप्ता कितीतरी कमी आहे.

ट्रॉली हे निराळे वाहन आहे

अमेरिकेत पुष्कळ कुटुंबे सुटीत निजण्या-स्वयंपाकाची सोय असलेले चाकांवरील घर मोटारीमागे जोडून फिरावयास जातात. तेथे सर्वसाधारण रीत अशी की, रस्त्यावर त्या घराचा धक्का कोणास लागला तर ओढणाऱ्या मोटारीचा विमा ती जबाबदारी उचलतो. परंतु त्या घराचीच मोडतोड झाली तर त्यासाठी त्याचा स्वतंत्र विमा असावा लागतो. आपल्याकडील नियम याहून कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रॉली हेच एक मोटार वाहन धरले आहे, तिला स्वतःचे इंजिन नसले तरीही. म्हणून तिची नोंदणी निराळी आणि विम्याच्या कागदात तिचा उल्लेखही निराळा पाहिजे. ट्रॅक्टरच्या कागदात ट्रॉलीचा क्रमांक नसेल तर तो आजच घालून घ्यावा. आम्ही तो घालून घेतला.

चालकाच्या परवान्याविषयी मात्र एक समाधानाची गोष्ट आहे. ट्रॅक्टर चालविण्याचा परवाना असलेल्याने मागे ट्रॉली जोडली म्हणून त्याचा परवाना निरुपयोगी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये ठरविले आहे. परंतु मूळचा परवानाच नसेल, किंवा सोळा वर्षांचा पोरगा हौसेने ट्रॅक्टर हाकीत असेल, तर कंपनी पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते. आपल्याकडे हा दोष फार आहे. पोरगा हुशार आहे, हात बसलेला आहे, हे सर्व खरे. पण न्यायाधिकरणापुढे हातातील कसब चालत नाही, परवाना लागतो.

घरची मोटार

घरच्या चारचाकी मोटारीसंबंधी सर्वांत अधिक गैरसमज आत बसणाऱ्यांविषयी आहे. केवळ सक्तीचा त्रयस्थ विमा असलेल्या खाजगी मोटारीत बसलेले आप्तेष्ट त्या विम्यात येत नाहीत. सर्वसमावेशक विमा असेल तर येतात. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये हा भेद स्पष्ट केला आहे. दुचाकीवर मागे बसणाऱ्याचीही स्थिती हीच. केंद्र शासनाने 1 जून 2022 पासून लागू केलेल्या दरांत 1000 सी.सी. पर्यंतच्या मोटारीचा त्रयस्थ विम्याचा वार्षिक हप्ता 2,094 रुपये, 1000 ते 1500 सी.सी. पर्यंत 3,416 रुपये व त्यावर 7,897 रुपये होता. मोटार जुनी झाली, आता एवढाच विमा पुरे, असे म्हणून पुष्कळ जण सर्वसमावेशक विमा सोडून देतात. वाचते ती रक्कम मोटारीच्या किंमतीच्या मानाने ठीक असेल. परंतु सोडले जाते ते केवळ पत्र्याचे संरक्षण नव्हे, आत बसलेल्या बायकामुलांचेही असते, हे ध्यानात ठेवावे.

मालक स्वतः वाहन चालवीत असताना त्यास अपघात झाला तर त्यासाठी ‘मालक-चालक वैयक्तिक अपघात’ या नावाचे संरक्षण आहे. त्याची रक्कम 2018 मध्ये 15 लाख रुपये करण्यात आली. हे संरक्षण ज्याच्या नावे वाहन आहे त्याचे असते व त्याच्याजवळ चालू परवाना असावा लागतो. आपल्या घरांतून बहुधा वाहन वडिलांच्या नावे असते, वडिलांस परवाना नसतो आणि वाहन मुलगा चालवितो. अशा घरी हप्ता जातो, पण ज्याच्या जिवास धोका आहे त्याच्या नावे काहीच राहत नाही. त्यावर उपाय दोन : चालविणाऱ्याच्या नावे वाहन करावे, किंवा त्याच्यासाठी स्वतंत्र अपघात विमा घ्यावा.

खाजगी मोटार भाड्याने देऊ नये. शेजाऱ्याच्या आजारी माणसास नागपूरला पोचविणे हे शेजारधर्माचे काम आहे. परंतु प्रत्येक माणशी पैसे ठरवून मोटार नेणे हा धंदा झाला, आणि खाजगी वाहनाच्या विम्यात भाड्याचा वापर वगळलेला असतो.

नुकसानीची रक्कम कशी ठरते?

सर्वसमावेशक विम्यात वाहनाची ‘घोषित किंमत’ लिहिलेली असते. चोरी झाल्यास किंवा वाहन पुरते निकामी झाल्यास साधारणतः तीच रक्कम मिळते. ती नव्या वाहनाच्या किंमतीतून वयोमानाप्रमाणे घट धरून काढतात : सहा महिन्यांपर्यंत शेकडा 5, एक वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीन वर्षांपर्यंत 30, चार वर्षांपर्यंत 40 व पाच वर्षांपर्यंत 50. समजा, मोटारीची किंमत 8,00,000 रुपये असून तिला साडेतीन वर्षे झाली आहेत. तर घोषित किंमत 4,80,000 रुपये येईल. हप्ता कमी व्हावा म्हणून एजंट ही किंमत खाली लिहून देत असेल तर ते मान्य करू नये. हप्त्यात शेकडे वाचतात व प्रसंगी हजारो बुडतात.

किरकोळ मोडतोडीतही घट धरतात. रबर, प्लॅस्टिक, टायर व बॅटरी यांवर निम्मी, काचेवर काही नाही. 12,000 रुपयांचे प्लॅस्टिकचे बंपर बदलले तर 6,000 रुपये आपल्यास सोसावे लागतील, शिवाय ठरलेली किमान रक्कम निराळी. अधिक हप्ता देऊन ही घट टाळता येते.

दावा न करता वर्ष गेले तर पुढील वर्षी वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यात शेकडा 20 सूट मिळते व ती पाच वर्षांत 50 पर्यंत वाढते. म्हणून लहान ओरखड्यासाठी दावा करण्यापूर्वी सूट किती जाईल हा हिशेब करावा. विम्याची मुदत संपून 90 दिवस गेले तर ही साठलेली सूटही जाते.

पुराविषयी एक सूचना. ऑगस्ट 2020 मध्ये वैनगंगेस आलेला महापूर आपल्या भागात कोणी विसरले नसेल. सर्वसमावेशक विम्यात पुराचे नुकसान धरलेले असते. परंतु पाण्यात उभे राहिलेले इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने ते बिघडले तर तो भाग बहुधा नाकारला जातो. पाणी लागलेले वाहन सुरू करू नये, ओढून न्यावे.

विकलेले वाहन

वाहन विकले, पैसे घेतले, कागद दिला, एवढ्याने जबाबदारी सुटत नाही. नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. त्या प्रकरणात मोटार एकाहून अधिक हातांत गेली होती, तरी भरपाई नोंदलेल्या मालकासच भरावी लागली. सबब जुनी मोटारसायकल विकताना परिवहन कार्यालयातील नाव बदलून झाल्याशिवाय स्वस्थ बसू नये. घेणाऱ्याने 14 दिवसांत विमा कंपनीस कळवावे. न कळविल्यास त्रयस्थाचा भाग चालू राहतो, पण स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा दावा टिकत नाही.

प्रसंग आल्यावर

अपघात झाला असता प्रथम जखमीस दवाखान्यात पोचवावे. नंतर पोलिसांस वर्दी व त्याच दिवशी कंपनीस खबर द्यावी. कंपनीचा पाहणी करणारा येईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नये. चोरीच्या बाबतीत पोलिसांतील तक्रार तत्काळ नोंदविणे हेच मुख्य आहे. 24 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका चोरीस गेलेल्या ट्रॅक्टरसंबंधी निर्णय दिला. त्यात तक्रार त्याच दिवशी झाली होती, कंपनीस मात्र पुष्कळ उशिरा कळविले होते. तेवढ्या कारणावरून खरा दावा नाकारता येणार नाही, असे ठरले. तथापि हा निर्णय आपल्या आळसाचा आधार समजू नये.

आपल्या घरचा मनुष्य दुसऱ्याच्या वाहनाखाली सापडला असेल तर भरपाईच्या अर्जास सहा महिन्यांची मुदत 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात लिहिली गेली आहे. दुःखाचे दिवस सरल्यावर पाहू असे म्हणत थांबू नये. धक्का देणारे वाहन पळून गेले व सापडले नाही, तरीही मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर दुखापतीबद्दल 50,000 रुपये देण्याची योजना आहे. कंपनीने अन्यायाने दावा नाकारल्यास प्रथम तिच्याकडेच लेखी तक्रार करावी, आणि दाद न लागल्यास विमा लोकपाल किंवा ग्राहक आयोग यांच्याकडे जावे. लोकपालाकडे तक्रारीस शुल्क पडत नाही.

असो. आपण बी घेताना पिशवीवरील तारीख पाहतो, खत घेताना गोण मोजून घेतो, बांधाची हद्द वीतभर सरकली तरी आपल्या ध्यानात येते. एवढी सावध जात आपली. तिने विम्याचा कागद मात्र न वाचता पेटीत ठेवावा, हे शोभत नाही. रोहिणी लागण्यापूर्वी एका संध्याकाळी घरातील सर्व वाहनांचे कागद कंदिलाखाली नव्हे, चांगल्या दिव्याखाली घेऊन बसावे. वाहन कोणाच्या नावे, हाकतो कोण, बसते कोण, काम कोणते, ट्रॉलीचा क्रमांक आहे काय, आणि दोन्ही मुदती कधी संपतात, एवढी सहा उत्तरे वहीत लिहून ठेवावी. ज्याच्या उत्तरांत खोट निघेल त्याने दुसऱ्या दिवशी ती दुरुस्त करून घ्यावी. मग आषाढात ट्रॅक्टर रस्त्यावर निघेल तेव्हा मागे राहिलेल्या जमिनीची काळजी मनास लागणार नाही.